टिपांचा रंग

आणखी एक रंगसंगती लावून तिने खुर्ची मागे ढकलली आणि मान तिरकी करून स्क्रीनकडे पाहिलं. ही दवाखान्याच्या भिंतीसारखी होती. आधीची टूथपेस्टसारखी. त्याच्याही आधीची इतकी गुलाबी, की तिच्यात कोल्ड स्टोरेजचा प्रोग्रॅम लिहिणं म्हणजे वाढदिवसाच्या केकवर पोलिसात तक्रार लिहिण्यासारखं झालं असतं.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी सकाळीच बजावलं होतं. डोळे कोरडे पडलेत, काळ्या पडद्यावर चमकणारी अक्षरं बघणं आता बंद.

"फिकट कागद, गडद अक्षरं. डोळ्याला खुपणार नाही असं काहीतरी निवडा. घरातले पडदे निवडताना लावता ना, तेवढा वेळ लावा."

"पडदे नवऱ्याने निवडलेत," ती म्हणाली.

"मग त्यांनाच विचारा," म्हणून बाईंनी डोळ्यांत घालायचे थेंब लिहून दिले.

तिच्या हाताखालची मंडळी खाली चहाला गेली होती. एवढ्या मोठ्या खोलीत पंख्याचा आणि तिच्या माउसचा आवाज तेवढा होता. ज्या एडिटरमध्ये ते सगळे प्रोग्रॅम लिहीत, त्यात तयार रंगसंगतींची लांबलचक यादी होती. एकेक लावून बघायची, नाही आवडली की पुढची. लावून बघायला तिने समोर आली ती फाइल उघडली होती. फुलांच्या कोल्ड स्टोरेजची. ती ऑफिसातल्या जुन्या काकांनी लिहिलेली होती, पण रंग बघायला कुठलीही चालली असती.

पुढची संगती न धुतलेल्या मांजरपाटासारखी निघाली. पिवळटही नाही, पांढरीही नाही. त्यावर तपकिरी, निळसर अक्षरं. डोळे आपोआप सैलावले. ही बरी, असं मनात येतंय तोच तिला हिरव्या ओळी दिसल्या.

आधी वाटलं, हे रंगसंगतीबरोबरच आलंय, नमुन्याचा मजकूर असतो तसं काहीतरी. तिने फाइल खाली सरकवली. हिरव्या ओळी खालीही होत्या. काळ्या पडद्यावर जिथे मोकळ्या जागा दिसायच्या तिथे त्या होत्या, कुंडीत न पेरता उगवून आल्यासारख्या. आधीच्या संगतींत तिने मागच्या रंगापलीकडे काही बघितलंच नव्हतं. तिने एक वाचली.

"हे इथे का आहे ते मलाही आता आठवत नाही. पण काढलं की रडतं."

तिचे कान गरम झाले. खोलीत कोणी नव्हतं, तरी तिने दाराकडे पाहिलं आणि स्क्रीन स्वतःकडे थोडी वळवून घेतली.

प्रोग्रॅममध्ये दोन तऱ्हेच्या ओळी असतात. एक यंत्राने वाचायच्या. दुसऱ्या माणसाने माणसासाठी लिहिलेल्या. सुरुवातीला दोन तिरक्या रेघा मारल्या की यंत्र ती ओळ ओलांडून पुढे जातं. तरुण मंडळी त्यांना कमेंट म्हणत. काका टिपा म्हणत, आणि काकांइतक्या टिपा जगात कोणी लिहीत नसेल. ही ओळ का, ही अशी का, आधी कशी होती, तेव्हा काय घोटाळा झाला, त्या दिवशी पाठ किती दुखत होती. ती या ऑफिसात आली तेव्हा तिला काहीच येत नव्हतं. कुठल्या कॉलेजात शिकून ती आली नव्हती. काकांच्या टिपा वाचत वाचत शिकली. प्रोग्रॅम कळायचा नाही, टीप कळायची, आणि टिपेचं बोट धरून मग प्रोग्रॅमही.

पुढे ती काकांच्याच वर मुख्य झाली. काकांनी पेढ्याऐवजी पेन दिलं, सगळ्यांदेखत तिला खुर्चीत बसवलं, आणि त्या दिवसापासून टिपांमध्ये "ताई" असं लिहायला लागले. ताई, हे बघून घ्या. ताई, इथे जरा जपून. तिच्यावर कामाचा डोंगर, वर साहेबांचे फोन, आणि कुठलीही फाइल उघडली की काका कानाशी बोलतायत. एका वैतागलेल्या दुपारी तिने सेटिंग उघडलं आणि टिपांच्या रंगाच्या जागी मागच्या काळ्याचाच रंग भरला. काळ्यावर काळं. टिपा गेल्या नाहीत, नुसत्या दिसेनाशा झाल्या. आपल्या हुशारीवर ती तेव्हा गालातल्या गालात हसलीही होती. पुढे त्या शांततेची सवय झाली, आणि सवय झाल्यावर ती आपण केलेली आहे हेच विसरून गेली.

आज रंगसंगती बदलली, तिच्याबरोबर टिपांचा रंगही बदलला.

ती एकेक वाचत खाली गेली. वाचू नये असं वाटत होतं, पण बोट थांबेना.

"ताई, हा तुकडा उभ्याने लिहिलाय. चूक सापडली तर पाठीला माफ करा."

"इथे तुमची पद्धत वापरली. माझ्यापेक्षा बरी आहे."

आणि मग ती. फाइलच्या जवळजवळ तळाशी.

"ताई, खालच्या दोन ओळी अगदी सारख्या दिसतील. चूक नाही. वीज जाऊन आली की थर्मामीटर पहिला आकडा खोटा सांगतो, झोपेतून उठवलेल्या माणसासारखा. म्हणून एकदा विचारायचं, सोडून द्यायचं, आणि पुन्हा विचारायचं. यातली एक काढू नका."

जिन्यावर हसण्याचे आवाज आले. तिने फाइल बंद केली, आणि मंडळी आत आली तेव्हा ती डोळ्यांत थेंब घालत होती.

"ताई, रडताय काय?" चिमणीने विचारलं. ही सगळ्यांत नवी, सतत चिवचिवाट करायची म्हणून नाव पडलं होतं.

"औषध आहे."

"मग ठीक. मला वाटलं साहेबांचा फोन आला."

&nbsp;

त्यातली एक ओळ तिनेच काढली होती. गेल्या हिवाळ्यात, साफसफाई करताना. एकाखाली एक दोन सारख्या ओळी, मध्ये कारण नसताना सोडलेली जागा. काकांचं वय झालं, असं म्हणत तिने एक पुसली. मग एके रात्री त्या भागातली वीज गेली आणि आली. थर्मामीटरने पहिला खोटा आकडा सांगितला, यंत्राने तो खरा धरला, आणि भट्टी विझवायची असावी तसं थंड करत सुटलं. सकाळी व्यापाऱ्याने दार उघडलं तर गुलाब काचेचे झालेले. उन्हात आणले तसे काळे पडले.

साहेबांनी सगळ्यांना बोलावलं होतं. ती त्याआधीच ओळ परत घालून, दुरुस्त करून आली होती.

"दोन सारख्या ओळी. एक काढली," ती म्हणाली होती. "त्यामागे काही कारण आहे हे कुठे लिहिलेलं नव्हतं. मी काय समजायचं?"

आपण खोटं बोलतोय असं तिला तेव्हा वाटलंही नव्हतं. तिच्या स्क्रीनवर खरंच काही लिहिलेलं नव्हतं.

साहेबांनी काकांकडे पाहिलं. काकांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांचं तोंड उघडलं होतं हे तिला आज नीट आठवलं. मग त्यांनी ते मिटलं आणि समोरच्या पाण्याचा ग्लास उगीच थोडा सरकवला.

त्यानंतर काकांना फोनवर बसवलं. दाराजवळचं टेबल, गिऱ्हाइकांच्या तक्रारी घ्यायच्या आणि वर पाठवायच्या. वयाकडे बघून केलंय, असं साहेब म्हणाले. कोणी काही बोललं नाही. तीही नाही.

&nbsp;

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती दाराजवळच्या टेबलापाशी गेली. काका फोनवर होते. त्यांनी हातानेच स्टूल दाखवलं.

"अहो, लाल दिवा लागलाय म्हणजे बिघडलंय असं नाही," ते फोनमध्ये सांगत होते. "दार नीट लागलं नसेल. ढकलून बघा. नाही, जोरात नका, आपल्या घरचं असल्यासारखं ढकला. गेला ना? बघा. ठेवू का?"

फोन ठेवून त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"बोला ताई. नवा चष्मा?"

"नाही. थेंब दिलेत. रंगही बदलायला सांगितले, स्क्रीनचे." तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "बदलले काल. तर तुमच्या टिपा दिसल्या, काका. त्या आधी दिसतच नव्हत्या मला. ती जुनी रंगसंगतीच तशी होती, काळ्यावर काळं. मला कल्पनाच नव्हती."

रात्रभर घोकून आणलेलं वाक्य होतं. घोकताना ते बरं वाटलं होतं.

काका टेबलावरच्या पेन्सिली एका रेषेत लावत होते.

"असेल," ते म्हणाले.

फोन वाजावा असं तिला फार वाटलं. तो वाजला नाही.

"तसा रंग हाताने द्यावा लागतो, ताई," काका हळूच म्हणाले, चूक काढल्यासारखं नाही, नुसती माहिती दिल्यासारखं. "तयार संगतीत येत नाही तसा."

ती खाली बघत राहिली. काकांच्या चपलेचा अंगठा शिवलेला होता, बारीक, सरळ टाक्यांनी.

"तुम्हाला माहीत होतं?"

"आधी नव्हतं. तुम्ही मधे म्हणालात, काका किती मोकळी जागा सोडता हो. तेव्हा मी विचार केला, कुठे सोडतो? फुलांचा घोटाळा झाला, तुम्ही ओळ दाखवायला बोलावलंत, तेव्हा तुमच्या स्क्रीनवर बघितलं. माझी टीप असायची तिथे नुसता काळोख." ते हसले. "म्हटलं, अच्छा."

"मग मीटिंगमध्ये बोलला का नाहीत?"

"काय बोलणार? लिहिलं होतं, पण यांना बघवत नाही, असं?"

तिने ओढणीचं टोक बोटावरून सोडलं.

"अहो, मला स्वतःचीच लाज वाटली," काका म्हणाले. "माणसाला मुद्दाम उठून दिवा घालवावा लागला म्हणजे आपण किती बडबडत असू. घरी बायको म्हणायचीच. मला वाटायचं, ऑफिसात तरी कोणाला उपयोग होतो."

"होत होता. मी त्यांच्यावरच..." तिने स्टूल पुढे ओढलं. "मी साहेबांना सांगते. सगळ्यांसमोर. तुमची जागा तुम्हाला परत मिळाली पाहिजे."

काकांनी चष्मा डोळ्यांवर आणला.

"नका सांगू, ताई."

"का?"

"आता झालं गेलं. इथे बरं चाललंय माझं. लोक फोन करतात, मी बोलतो. निदान समोरचा उत्तर देतो."

आणि आता फोन वाजला.

&nbsp;

संध्याकाळी नवरा कपडे वाळत घालत होता आणि ती चिमटे देत होती. तिने सगळं सांगितलं, पण चिमट्यांकडे बघत, ऑफिसात दुसऱ्याच कोणाचं तरी झाल्यासारखं. "आमच्याकडे एकीने" असं सुरू केलं होतं. अर्ध्यावर तिची "एकीने"ची "मी" झाली, आणि नवऱ्याने ते ऐकू न आल्यासारखं केलं. त्याच्या चांगल्या गुणांपैकी हा एक.

"म्हणजे माणूस बोलतोय आणि तू त्याला भिंतीचा रंग दिलास," तो म्हणाला.

"हो."

"मला कधी दिलायस का? कधीकधी मी बोलतो तेव्हा तुझ्या चेहऱ्यावर काहीच उमटत नाही."

"तुला द्यायला तेवढा रंग पुरायचा नाही."

तो हसला. शर्ट झटकून दोरीवर टाकताना म्हणाला, "सांगून टाक ना मग. सगळ्यांसमोर एकदा बोललीस की मोकळी होशील."

"ते नको म्हणतायत."

"ते भिडेखातर म्हणतायत. अशी माणसं तसंच म्हणतात. तू बोल."

तिला हेच ऐकायचं होतं. म्हणूनच तर तिने सांगितलं होतं. रात्री तिने वाक्यं पुन्हा घोकली, या वेळी खरी. खरी वाक्यं घोकायला जास्त वेळ लागतो असं तिच्या लक्षात आलं. खोट्यात शब्द इकडे तिकडे झाले तरी चालतात.

&nbsp;

आठवड्याची मीटिंग साहेबांच्या केबिनमध्ये व्हायची. खुर्च्या कमी पडत म्हणून तरुण मंडळी खिडकीच्या कट्ट्यावर बसत. काका तक्रारींचा आढावा द्यायला आले होते, दाराशी, एका बाजूला. त्यांनी आढावा दिला. दाराच्या रबराच्या तक्रारी वाढल्यात, बाकी ठीक.

"ताई, तुमचं काही?" साहेब घड्याळाकडे बघत म्हणाले.

"आहे."

ती उठून उभी राहिली. इथे कोणी उभं राहून बोलत नसे, त्यामुळे साहेबांनी मान वर केली. काकांनीही केली, आणि त्यांना कळलं. त्यांनी मान अगदी थोडी हलवली. नको. तिला ते दिसलं.

"फुलांच्या वेळी मी म्हटलं होतं की काकांनी कुठे लिहून ठेवलं नव्हतं," ती म्हणाली. "ते लिहिलेलं होतं. त्याच जागी, स्पष्ट, माझं नाव घेऊन. मी काकांच्या टिपा दिसू नयेत म्हणून रंग बदलून ठेवला होता. चुकून नाही, मुद्दाम. चूक माझी होती आणि जागा त्यांची गेली."

बोलून झालं. छातीत काहीतरी सुटत होतं, नवरा म्हणाला होता तसं. आता साहेब रागावतील. मुलं तिच्याकडे बघतील, ती बदललेली नजर रोज सोसावी लागेल. ती तयार होती.

"अय्या, ताई," चिमणी म्हणाली, "तुम्हीपण?"

क्षणभर कोणालाच कळलं नाही. मग कट्ट्यावरून कोणीतरी फिसकन हसलं.

"नाही म्हणजे," चिमणी गडबडली, पण तिला थांबता येत नसे, "मी तर आले त्याच आठवड्यात फिक्या केल्या. म्हटलं मीच एकटी आगाऊ आहे."

"फिक्या काय," शेजारचा लांब्या म्हणाला. उंची सोडली तर त्याच्यात वाढवून सांगण्यासारखं काही नव्हतं, आणि हशा मिळवायची संधी तो सोडत नसे. "मी सगळ्या घडी घालून ठेवतो. क्लिक केलं की मिटतात, नुसता ठिपका उरतो. काकांची फाइल माझ्याकडे देवीच्या व्रणांसारखी दिसते."

आता सगळेच हसले. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं. सुटकेचं हसू होतं ते, जो तो आपापल्या लपवलेल्या गोष्टीतून बाहेर येत होता. साहेबही हसले.

"काका, तुमचा रेडिओ झाला की हो. लागलेला आहे, पण ऐकत कोणी नाही."

काका हसत होते. सगळ्यांच्या बरोबरीने, खांदे हलवत.

"आधी सांगायचंत," ते म्हणाले. "बॅटरी वाचली असती."

त्यावर सर्वांत मोठा हशा झाला. ती अजून उभीच होती. रागाची तयारी तिने केली होती, हशाची नव्हती केली. तिचा गुन्हा हातोहात सगळ्यांत वाटला गेला आणि तिच्या वाट्याला चिमूटभर उरला. काकांना मात्र आता सगळ्यांचा मिळून आख्खा कळला होता. काळोख फक्त एकाच स्क्रीनवर आहे, या समजुतीवर ते इतके दिवस राहिले होते.

काकांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, उजेडात धरून बघितला आणि पुन्हा पुसला.

"चला, म्हणजे दोष तसा कोणाचाच नाही," साहेब उठत म्हणाले. "काका, उद्यापासून आपल्या जागेवर या. फोनला बघतो मी कोणीतरी."

"बरं," काका म्हणाले.

जिन्यात तिने त्यांना गाठलं.

"काका, असं होईल असं मला..."

"अहो, जागा मिळाली ना," ते म्हणाले. एक पायरी खाली उतरून त्यांनी तिला वाट करून दिली, मोठ्या साहेबांना देतात तशी. "तुमच्यामुळेच मिळाली. थँक्यू हं, ताई."

&nbsp;

काका आपल्या जागेवर परत आले. त्यांच्या खुर्चीवर ठेवलेली खोकी लांब्यानेच उचलून नेली, आणि चिमणीने त्यांच्या कीबोर्डवरची धूळ फुंकून दिली. सगळे त्यांच्याशी नेहमीपेक्षा जास्तच गोड बोलत होते. काकाही गोड बोलत होते. औषधांच्या एका गोदामाचं नवं काम त्यांच्याकडे आलं, आणि त्यांनी ते ठरल्या वेळेच्या आधी पूर्ण करून तपासायला पाठवलं.

तिने सकाळी शांत वेळ बघून ती फाइल उघडली. मांजरपाटाच्या रंगावर तपकिरी, निळसर अक्षरं. ती वरून खाली गेली, मग खालून वर आली. कुठे चूक नव्हती. ओळी एकाखाली एक, नेटक्या, घट्ट बसवलेल्या. डोळ्याला खुपेल असं काही नव्हतं. एकही हिरवी ओळ नव्हती.

तिने त्याच कामाची दुसरी फाइल उघडली. तिसरी. मग एडिटरच्या सेटिंगमध्ये जाऊन टिपांचा रंग बघून आली, हिरवाच होता. मग परत पहिलीत आली.

एके ठिकाणी काकांनी दार उघडल्यानंतर थोडं थांबून मग तापमान विचारलं होतं. का थांबायचं, ते तिला कळत होतं. दार उघडलं की बाहेरची गरम हवा आत येते, ती आधी बसू द्यायची. कळत होतं तरी तिने त्या ओळीच्या वर जागा केली, दोन तिरक्या रेघा मारल्या, आणि बराच वेळ कर्सरकडे बघत बसली. टीप लिहायची म्हणजे नेमकं कोणत्या आवाजात लिहायची, हे तिने कधी शिकून घेतलं नव्हतं.

"काका, इथे का थांबलोय? जरा सविस्तर सांगा ना. मला वाचायचं आहे."

लिहिलं, आणि फाइल परत पाठवली. हिरवी ओळ तिच्या स्क्रीनवर एकटीच राहिली. 

खोलीच्या दुसऱ्या टोकाला काकांची पाठ दिसत होती. त्यांनी फाइल उघडलेली तिला दिसली. ते पुढे वाकले, चष्मा वर केला, खाली केला. तिने नजर काढून घेतली. मग खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

काका तिच्या टेबलापाशी आले. मंडळी आपापल्या कामात होती, चिमणी कोणाला तरी सिनेमाची गोष्ट सांगत होती. काका वाकले आणि आवाज खाली आणून म्हणाले,

"दार उघडलं की बाहेरची हवा शिरते, ताई. ती बसेपर्यंत थांबायचं. म्हणून."

"हो. ते तुम्ही लिहा ना तिथे."

काकांनी एकदा मागे वळून मंडळींकडे पाहिलं. मग तिच्या स्क्रीनवरच्या त्या एकट्या ओळीकडे बोट केलं, काचेला न लावता.

"ते तेवढं काढून टाका," ते म्हणाले. "पोरं हसतील तुम्हाला."

"हसू देत."

"नको. तुम्ही मुख्य आहात." त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तिने तो शोधला, सापडला असता तर बरं झालं असतं. "तुम्हाला काय विचारायचं ते मला विचारा. मी इथेच असतो."

ते गेले नाहीत. तिच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले, घाई न करता, लहान मूल चुकीचं अक्षर खोडेपर्यंत मास्तर थांबतात तसे. चिमणीची गोष्ट संपत आली होती. इकडे तिने कर्सर ओळीच्या शेवटी नेला आणि एकेक अक्षर मागे घेत गेली, पार दोन तिरक्या रेघांपर्यंत. मग त्याही.

काकांनी वाकून नीट पाहिलं.

"आता कसं स्वच्छ दिसतंय," ते म्हणाले, आणि आपल्या जागेवर जाऊन बसले.